नाव गेलं, क्रमांक उरला : सिंबियनमधल्या सामायिक लायब्रऱ्यांचा हिशेब

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचे हे शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी थोडी काटछाट केली आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर एका परिचितांचा फोन आला. म्हणाले, "लायब्ररीवर बोलणार आहात म्हणे. म्हणजे ग्रंथालय चळवळीवर का?" मी म्हटलं, नाही हो, मोबाइलच्या पोटातल्या लायब्रऱ्यांवर. ते जरा हिरमुसले. पण त्यांचा तो गैरसमज मला आज उपयोगी पडणार आहे. आपण बसलोय ते वाचनालयाचंच सभागृह आहे, आणि बाहेरच्या टेबलावर जे दाखल-नोंदीचं जाडजूड रजिस्टर असतं, त्याच्याकडे मी शेवटपर्यंत परत परत येणार आहे.

आधी सगळ्यांसाठी दोन वाक्यं. सॉफ्टवेअरमधली लायब्ररी म्हणजे तयार कामांचा संच. तारीख छापणं, अक्षरं क्रमाने लावणं, चित्र उलगडणं, अशी कामं प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती द्यायच्या दोन रीती आहेत. एक, प्रत्येक प्रोग्राम स्वतःची प्रत पोटात घेऊन फिरतो. दुसरी, यंत्रात एकच प्रत ठेवायची आणि सगळ्यांनी ती वापरायची. वीस प्रोग्राम आणि शंभर केबीची लायब्ररी धरा. पहिल्या रीतीत दोन एमबी गेले, दुसऱ्या रीतीत शंभर केबीत भागलं. या दुसऱ्या रीतीला सामायिक लायब्ररी म्हणतात. लहान यंत्रात, जिथे मेमरी मोजून मापून असते, तिथे हा चैनीचा नाही, जगण्याचा प्रश्न असतो.

मी आज एकच उदाहरण घेणार आहे, सिंबियनचं. त्याचं मूळ ब्रिटनच्या सायन कंपनीच्या एपॉक या प्रणालीत आहे. १९९७ साली सायनचं सीरीज ५ नावाचं खिशातलं यंत्र आलं, त्यात एपॉकची ३२ बिटांची आवृत्ती होती. मेमरी किती? चार किंवा आठ एमबी. १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन ही कंपनी काढली. पुढे आपल्याकडे घरोघर दिसणारे ६६००, एन-७०, एन-७३ हे नोकियाचे फोन याच प्रणालीवर चालत. तुमच्यापैकी अनेकांचा पहिला "भारी" फोन यातलाच असेल. (हशा)

या प्रणालीने सामायिक लायब्रऱ्यांबाबत तीन मोठे निर्णय घेतले. तिन्हींची कारणं पटण्यासारखी होती. आणि तिन्हींची किंमत नंतर भलत्याच माणसांनी मोजली, हे माझं म्हणणं आहे. ते पटतं का बघा.

पहिला निर्णय : नाव नको, क्रमांक पुरे

बहुतेक प्रणालींत प्रोग्राम लायब्ररीकडे काम मागतो ते नावाने. लिनक्समध्ये फाइलीतच नावांची यादी असते. प्रोग्राम सुरू होताना ती नावं शोधली जातात आणि जोडणी होते. सी प्लस प्लसमध्ये ही नावं फार लांब होतात, कारण वर्गाचं नाव, कामाचं नाव आणि कुठल्या प्रकारची माहिती द्यायची, हे सगळं एका शब्दात कोंबलेलं असतं. चाळीस-पन्नास अक्षरं सहज होतात. एखादा प्रोग्राम बाहेरची तीनशे कामं वापरतो असं धरा. नावांतच बारा केबी गेले.

सिंबियनने नावं काढून टाकली. लायब्ररीतल्या प्रत्येक बाहेर दिलेल्या कामाला अनुक्रमांक दिला. याला ऑर्डिनल म्हणायचे. प्रोग्रामच्या फाइलीत फक्त एवढंच राहिलं : अमुक लायब्ररी, काम क्रमांक चौदा. बारा केबीच्या जागी सव्वा केबी. शोधाशोधही नाही, चौदाव्या घरात थेट हात घालायचा. आणि जे प्रोग्राम फोनच्या रॉममध्येच भरलेले असत, त्यांची जोडणी रॉम बनवतानाच करून टाकत. चार एमबीच्या यंत्रासाठी हा निर्णय चोख होता. मी त्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

आता रजिस्टरकडे या. वाचनालयातल्या पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पुस्तक फाटलं, हरवलं, बाद केलं, तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. समोर शेरा मारतात आणि पुढे जातात. का? कारण जुन्या वर्गणीदाराच्या कार्डावर तोच क्रमांक लिहिलेला असतो. सिंबियननेही हेच केलं. लायब्ररी बांधणाऱ्याने एक डेफ फाइल ठेवायची, त्यात कामांची नावं आणि क्रमांक. पहिली आवृत्ती बाहेर पडताना "फ्रीझ" अशी आज्ञा द्यायची, की क्रमांक गोठले. पुढे नवी कामं आली तर ती शेवटी जोडायची. एखादं काम काढलं तर त्याच्यापुढे "अॅबसेंट" लिहायचं, क्रमांक मोकळा करायचा नाही. ग्रंथपालांना हे ऐकून परकं वाटणार नाही.

फरक एकच. वाचनालयात रजिस्टर वाचनालयातच असतं. सिंबियनमध्ये रजिस्टर बांधणाऱ्याच्या घरी राहिलं आणि फोनवर गेले ते नुसते आकडे. म्हणजे कल्पना करा, तुम्ही काउंटरवर जाऊन "चौदा" म्हणायचं आणि जे हातात येईल ते घेऊन घरी जायचं. पुस्तकाच्या पाठीवर नाव नाही, ग्रंथपालालाही नाव ठाऊक नाही. क्रमांक बरोबर असतील तोवर उत्तम. चुकले तर ज्ञानेश्वरी मागितली आणि हाती लोणच्यांच्या कृती आल्या, आणि कुणी चकार शब्द बोललं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आम्ही काही जण एका कंपनीसाठी फोनमधला एक लहान घटक बनवायचो. तो दुसऱ्या एका गटाच्या प्रोग्रामला लागायचा. एका आवृत्तीत आमच्यातल्या नव्या मुलाला बांधणी करताना चूक दिसली : डेफ फाइलीत नाव आहे, पण काम सापडत नाही. त्याला वाटलं, फाइल जुनी झालीय. त्याने ती पुसली आणि नव्याने फ्रीझ केली. बांधणी विनातक्रार झाली. मी त्याचे बदल पाहिले आणि "ठीक आहे" म्हणालो. क्रमांक पुढेमागे सरकले होते, ते मला दिसलं नाही. दोनशे ओळींच्या फाइलीत सगळ्याच ओळी बदललेल्या दिसत होत्या. त्यात काय बघणार?

समोरच्या गटाने संगणकावरच्या एम्युलेटरसाठी सगळं नव्याने बांधलं. तिथे उत्तम चाललं. फोनवर मात्र त्यांचा जुना प्रोग्राम आणि आमची नवी लायब्ररी अशी जोडी पडली. साठवण्याचं बटण दाबलं की प्रोग्राम मरायचा. पडद्यावर काय यायचं? "कर्न-एक्झेक ३". सिंबियनवर काम केलेला माणूस हे नाव झोपेतही ओळखेल. त्याचा अर्थ एवढाच, की प्रोग्रामने मेमरीत कुठेतरी भलतीकडे पाय टाकला. कुठे, का, काही नाही. आम्ही दोन रात्री घालवल्या. शेवटी बोल त्या मुलाला लागला. मला फारसं कुणी काही म्हटलं नाही, ते आजही मला टोचतं.

आता बघा, इथे टीका नेमकी कशावर करायची? शिस्त मोडली, हे खरं. पण शिस्त मोडल्यावर प्रणाली काय करते, यावर आराखड्याची पारख होते. नावांची पद्धत असती तर लोडरने सरळ सांगितलं असतं, "हे नाव या लायब्ररीत नाही", आणि प्रोग्राम सुरूच झाला नसता. काम दहा मिनिटांत मिटलं असतं. नाव हे नुसतं ओझं नव्हतं, ती एक पडताळणी होती. सिंबियनने बाइट वाचवले आणि त्याबरोबर ती पडताळणीही फेकून दिली.

कुणी म्हणेल, मेमरी नव्हती हो, दुसरा मार्गच नव्हता. होता. सोनीचं पीएसपी हे हातातलं खेळयंत्र २००४ च्या शेवटी जपानात आलं, त्याची मेमरी ३२ एमबी. तिथे पूर्ण नाव ठेवत नसत, पण नावावरून गणिताने काढलेला चार बाइटांचा ठसा ठेवत. मागणी त्या ठशाने व्हायची. यादीतला क्रम कितीही बदलला तरी ठसा बदलत नाही, आणि काम नसेल तर ते सापडत नाही, दुसरंच काहीतरी हातात येत नाही. मागणाऱ्याच्या फाइलीत तेवढीच जागा, लायब्ररीच्या बाजूला प्रत्येक कामामागे चार बाइट जास्त, आणि सुरू होताना थोडी शोधाशोध. १९९७ च्या चार एमबीत हेही जड वाटलं असेल, मान्य. पण फोनची मेमरी पुढे कितीतरी पट वाढली आणि क्रमांक तसेच राहिले.

दुसरा निर्णय : लायब्ररीने काही लक्षात ठेवायचं नाही

सामायिक लायब्ररीचा मजकूर, म्हणजे तिच्यातल्या सूचना, सगळ्यांत वाटता येतात. पण तिच्यात बदलणारी माहिती असेल, एखादा मोजणीचा आकडा म्हणा, तर ती प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी ठेवावी लागते. माझी मोजणी तुमच्या मोजणीत मिसळून कसं चालेल? आणि मेमरी सुटी मिळत नाही, चार केबीच्या पानाने मिळते. एक आकडा ठेवायचा म्हटला तरी अख्खं पान.

हिशेब करा. वीस प्रोग्राम चालू आहेत, प्रत्येकाने पन्नास लायब्रऱ्या घेतल्यात, आणि प्रत्येक लायब्ररीत असा एकेक आकडा आहे. वीस गुणिले पन्नास गुणिले चार केबी. चार हजार केबी. सीरीज ५ च्या लहान नमुन्याची सगळी मेमरी इथेच संपली! म्हणून सिंबियनने सरळ बंदी घातली. लायब्ररीत अशी बदलणारी कायमची माहिती आढळली तर बांधणीची साधनंच ती नाकारायची. ही बंदी मला मनापासून आवडते, कारण ती लवकर आणि स्पष्ट बोलते. पहिल्या निर्णयात जे नव्हतं ते इथे होतं.

पण जगातलं सी भाषेतलं तयार सॉफ्टवेअर अशा माहितीने भरलेलं आहे. ते सिंबियनवर आणायचं तर शेकडो ठिकाणी खोदकाम करायचं. नव्या गाभ्यासह आलेल्या नवव्या आवृत्तीत ही सोय मिळाली, डीएलएलच्या प्रकल्प-फाइलीत एक शब्द लिहिला की झालं. पण एम्युलेटरवर अशी लायब्ररी एका वेळी एकाच प्रोग्रामला घेता येई. म्हणजे ज्या एम्युलेटरवर आम्ही सगळं तपासायचो, तिथेच ती धड तपासता येत नव्हती.

२००७ मध्ये नोकियाने ओपन सी नावाचा संच आणला, युनिक्सच्या जगातल्या ओळखीच्या लायब्रऱ्या सिंबियनवर मिळाव्यात म्हणून. हेतू फार चांगला. पण युनिक्समध्ये चालू प्रोग्राम लायब्ररीला नाव सांगून काम मागू शकतो, त्यासाठी डीएलसिम नावाची सोय आहे. इथे नावंच नाहीत! मग त्या सोयीला सुरुवातीला नावाच्या जागी क्रमांक द्यावा लागे, अक्षरांत लिहिलेला एक, दोन, तीन. (हशा) हसू येतं, पण माझ्या मते सिंबियनच्या लायब्रऱ्यांवरची सगळ्यात बोलकी टीका हीच आहे, आणि ती त्यांच्याच माणसांनी, त्यांच्याच संचात लिहून ठेवलीय.

तिसरा निर्णय : विश्वासाची पायरी

२००५-०६ च्या सुमारास नववी आवृत्ती फोनांत आली. तिच्यात सुरक्षेची नवी घडी बसवली, वीस प्रकारचे परवाने. फोनबुक वाचायचं तर एक परवाना, नेटवर्क वापरायचं तर दुसरा. लायब्रऱ्यांसाठी नियम असा : प्रोग्रामकडे जेवढे परवाने आहेत, निदान तेवढे तरी लायब्ररीकडे हवेत, तरच तो तिला आत घेऊ शकतो.

नियम तर्काने अगदी बरोबर आहे. लायब्ररी प्रोग्रामच्या पोटात शिरून चालते. बँकेच्या तिजोरीच्या खोलीत रोखपालाबरोबर जो कुणी जाईल, त्याचीही तेवढीच चौकशी झालेली हवी. पण आता बाहेरच्या एखाद्या छोट्या गटाचा विचार करा. त्यांनी उत्तम लायब्ररी लिहिली, समजा देवनागरी जोडाक्षरं नीट मांडणारी. ती सगळ्यांना वापरता यावी तर तिच्याकडे जवळजवळ सगळे परवाने हवेत. आणि वरच्या पायरीचे परवाने फोन बनवणाऱ्या कंपनीच्या संमतीशिवाय मिळत नसत. छोट्या गटाला कोण विचारणार?

त्यात सगळ्या चालवायच्या फाइली एकाच सपाट फोल्डरात, "सिस" मधल्या "बिन" मध्ये. एकाच नावाची लायब्ररी दोघांनी आणली तर दुसऱ्याची बसवणी अडायची. मग लोकांनी काय केलं? जो तो आपली वेगळ्या नावाची प्रत घेऊन आला, नाहीतर लायब्ररी थेट प्रोग्रामच्या पोटात बांधून टाकली. म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. सामायिक लायब्ररीची एवढी काटेकोर व्यवस्था, आणि बाहेरच्या माणसासाठी सामायिक असं काही उरलंच नाही.

माझ्या टीकेचा गाभा हा आहे. "सामायिक" या शब्दापुढे नेहमी विचारावं, कुणाकुणात सामायिक? सिंबियनमध्ये ते उत्तर होतं, प्रणालीच्या मालकांच्या आपसांत.

मग दुसरी बाजू नाही का?

आहे, आणि ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. सिंबियनमध्ये लायब्ररीतलं कुठलं काम बाहेर द्यायचं, हे लिहिणाऱ्याला हाताने, एकेका कामापुढे खूण करून सांगावं लागे. चुकून काही उघडं पडत नसे. अँड्रॉइडने सुरुवातीला एवढी काळजी घेतली नाही. अॅप बनवणाऱ्यांनी फोनमधल्या खासगी लायब्रऱ्या नावाने शोधून वापरायला सुरुवात केली. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत गूगलने ओपनएसएसएल काढून बोरिंगएसएसएल घातलं, तेव्हा आतल्या जुन्या लायब्ररीवर विसंबलेली अॅप अडचणीत आली. शेवटी २०१६ च्या सातव्या आवृत्तीत दारं बंद केली : एवढ्या लायब्रऱ्या सार्वजनिक, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सिंबियनला हे आधीपासून कळत होतं. कुठलं दार रस्त्यावर उघडायचं आणि कुठलं परसात, हे घर बांधतानाच ठरवावं.

आणखी एक. नावांची पद्धत आली की सगळं सुरळीत झालं, असंही नाही. वर्गाचा आकार बदलला, आभासी कामांचा क्रम बदलला, तर नावं जुळूनही प्रोग्राम मोडतो. सिंबियनच्या लोकांनी यासाठी वर्गात आधीच मोकळ्या जागा राखून ठेवायची सवय लावली. ही सवय शिकण्यासारखी आहे.

आणि तरीही नवव्या आवृत्तीला सगळी जुनी बांधणी मोडावी लागली, नवा कंपायलर आणि नवी सुरक्षा एकदम आल्यामुळे. एन-७० वर चालणारा प्रोग्राम एन-७३ वर चढत नव्हता. दुकानात दोन्ही फोन शेजारी शेजारी, एकाच कंपनीचे. इतकी वर्षं क्रमांक गोठवून जपलेली सुसंगती एका दिवसात संपली. तेव्हा, सगळं मोडायचंच होतं, तर त्या वेळी नावांचा प्रश्नही सोडवून टाकायचा होता. ती संधी त्यांनी घालवली, आणि याबद्दल मी त्यांना माफ करायला तयार नाही.

प्रश्न : मग सिंबियन या लायब्रऱ्यांमुळे बुडालं का?

नाही, तसं म्हणणं फार सोपं होईल. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन. स्पर्शपडदा, अॅपचं दुकान, व्यवस्थापनाचे निर्णय, बरंच काही त्यात आहे. २०१० मध्ये सिंबियनचा मूळ मजकूर खुला झाला आणि ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाने विंडोज फोनची वाट धरत असल्याचं जाहीर केलं. पण एवढं मी माझ्या अनुभवाने म्हणतो : या प्रणालीवर काम करणाऱ्याचा बराचसा वेळ स्वतःचा प्रोग्राम लिहिण्यात न जाता तिच्या नियमांची मर्जी राखण्यात जायचा. दुसरं दार उघडल्यावर अशी माणसं थांबत नाहीत. आम्हीही थांबलो नाही.

तुमच्यापैकी काही जण आज वीजमीटर, राउटर, गाडीतले पडदे यांच्यासाठी काम करत असाल. तिथे मेमरी आजही मोजून मिळते आणि हेच निर्णय पुन्हा घ्यावे लागतात. बाइट जरूर वाचवा. पण वाचवलेला प्रत्येक बाइट काय काम करत होता, ते आधी विचारा. तो पहारेकरी असेल, तर त्याला काढताना त्याच्या जागी कोण उभं राहणार, तेही ठरवा. नाहीतर तिथे रात्री दोन वाजता एखादा नवा मुलगा उभा असतो, आणि चूक त्याची ठरते.

आता जाताना बाहेरच्या टेबलावरचं ते रजिस्टर जरूर बघा. पहिल्या रकान्यात क्रमांक आहे. दुसऱ्याच रकान्यात पुस्तकाचं नाव आहे.